कोल्हापूरहून तासगावच्या द्राक्षपट्ट्यात: दोन दिवसांची उन्हातली सहल कशी आखावी

सहल म्हटलं की आपण कोल्हापूरकर पश्चिमेला वळतो. पन्हाळा, राधानगरी, गगनबावडा, फार तर आंबोली. पूर्वेला ऊन आहे, धूळ आहे, तिकडे कशाला जायचं असा आपला हिशेब. पण त्या उन्हानेच तिकडे एक अख्खा मुलूख उभा केलाय. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर पूर्वेला, तासगाव-कवठेमहांकाळच्या शिवारात, तो पाच-सहाशेवर येतो. हवा कोरडी, आभाळ निरभ्र, वारा सुटलेला. द्राक्ष पिकायला आणि पिकलेलं द्राक्ष वाळवून बेदाणा करायला नेमकं हेच लागतं.

तासगाव कोल्हापूरपासून सत्तरेक किलोमीटरवर. तरीही आपल्यातल्या कितीतरी जणांनी द्राक्षाची बाग फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिलेली असते. या भागात पर्यटकांसाठी वेगळं काही मांडून ठेवलेलं नाही. इथे लोक कामात असतात आणि कामाच्या वेळा पक्क्या असतात. आपली सहल त्या वेळांवर बसवली, तर बाग, शेड, सौदा सगळं बघायला मिळतं. आपल्या सोयीने दुपारी बाराला पोचलात, तर बंद फाटकं आणि रिकामा रस्ता दिसेल.

कधी जायचं

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा ते मार्चअखेर. बाकी वर्षात गेलात तर काय दिसेल, तेही कळायला हवं, म्हणून वेलीचं वर्ष आधी समजून घेऊ.

इथे द्राक्षाला वर्षातून दोन छाटण्या आणि पीक एक. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. वेल ओलांड्यापर्यंत, म्हणजे मांडवावर आडव्या नेलेल्या जाड फांदीपर्यंत, उघडा करतात आणि रणरणत्या उन्हात त्याला नवी फूट येऊ देतात. पुढच्या हंगामाचे घड याच काळात काडीच्या डोळ्यांत आतल्या आत तयार होतात. म्हणजे आपण ज्या उन्हाला कंटाळतो, त्याच्यावर पुढचं पीक ठरतं. मग ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी. तिथून साधारण चार महिन्यांत माल काढणीला येतो. सगळे एकाच दिवशी छाटत नाहीत, त्यामुळे काढणी जानेवारीत सुरू होऊन एप्रिलपर्यंत चालते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात बाग बघायची हौस करू नका. तेव्हा पाऊस लांबला की दावण्या आणि पुढे ढगाळ हवेत भुरी, या रोगांच्या धास्तीने शेतकरी रात्रंदिवस फवारणीच्या मागे असतो. पाहुण्याशी बोलायला त्याला सवड नसते आणि फवारलेल्या बागेत फिरणं आपल्यालाही बरं नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र एकाच फेरीत तिन्ही गोष्टी सापडतात: वेलीवर लगडलेला माल, शेडमध्ये वाळणारा बेदाणा आणि बाजारातला नव्या मालाचा सौदा. माझं मत विचाराल तर मार्चचा पहिला पंधरवडा गाठा. खायच्या द्राक्षांची काढणी अजून चालू असते आणि बेदाण्याच्या शेडही भरलेल्या असतात.

निघण्याआधी हवामानाचा अंदाज बघा. वळवाचा पाऊस येणार अशी बातमी असेल तर सहल पुढे ढकला. त्या दिवसांत तिथला माणूस ताडपत्र्या आणि पडदे ओढण्याच्या धावपळीत असतो. वर्षाची कमाई रॅकवर पसरलेली असते.

कसं जायचं

गाडीने: शिरोली, हातकणंगले, जयसिंगपूर, सांगली, आणि तिथून माधवनगर, बुधगाव, कवलापूर, कवठेएकंद करत तासगाव. सांगलीपर्यंतचा रस्ता कायम गर्दीचा. शिवाय हा साखर कारखान्यांचा हंगाम, उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर असतात आणि अंधारात त्यांचा मागचा भाग लवकर नजरेत येत नाही. म्हणून पहाटे लवकर निघा, पण परतीचा प्रवास उजेडात संपेल असंच बघा. घरातल्या लहान मुलांना घेऊन जाणार असाल तर ही एक गोष्ट कटाक्षाने पाळा.

एसटीने: सीबीएसवरून (कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून) सांगलीला दिवसभर गाड्या आहेत, सांगलीहून तासगावलाही. अडचण पुढे येते. बागा आणि शेड गावाबाहेर शिवारात असतात, तिथवर एसटी जात नाही. एखादा ओळखीचा मोटारसायकल घेऊन येणारा हवा, नाहीतर तासगावातून दिवसभरासाठी रिक्षा ठरवा. रेल्वेने जाणाऱ्यांसाठी मिरज-पुणे मार्गावर सांगली, भिलवडी आणि किर्लोस्करवाडी ही स्थानकं आहेत. दुसऱ्या दिवसाच्या भागाला ती उपयोगी. मात्र प्रत्येक गाडी भिलवडी-किर्लोस्करवाडीला थांबत नाही, वेळापत्रक बघूनच तिकीट काढा.

मुक्काम सांगलीत करा. राहण्या-जेवणाची निवड तिथे जास्त, आणि दोन्ही दिवसांच्या वाटा तिथूनच फुटतात.

आधी एक फोन

हा टप्पा टाळू नका. कुणाच्याही बागेत न विचारता शिरायचं नाही. परदेशी जाणारा माल असेल तर तपासणीत औषधाचा अंशसुद्धा मोजला जातो, त्यामुळे अशा बागेत बाहेरच्या माणसाला सहसा घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. कोल्हापुरात ओळख काढायला वेळ लागत नाही. ऑफिसात, तालमीत, कॉलेजच्या ग्रुपवर विचारा. तासगाव, सावळज, मणेराजुरी, बोरगाव यांपैकी कुठलातरी पाहुणा निघतोच. खत-औषधाच्या दुकानदारांनाही बागायतदार माहीत असतात. फोनवर तीन गोष्टी विचारून घ्या: काढणी कोणत्या दिवशी आहे, शेवटची फवारणी कधी झाली, आणि किती माणसं आलेली चालतील. चार-पाचजण ठीक. बस भरून जाऊ नका.

जाताना हात हलवत जाऊ नये, हे सांगायला नकोच. आपल्याकडची गुळाची ढेप न्या. तिथल्या घरात तिचं कौतुक होतं.

पहिला दिवस, सकाळ: बाग

साडेसहा-सातला बागेत पोचा. ऊन चढलं की घड तापतो, तापलेला घड पेटीत टिकत नाही, म्हणून काढणी सकाळीच उरकतात. सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, बंद बूट आणि भरपूर पाणी. मार्चमध्ये दुपारचा पारा पस्तिशी सहज ओलांडतो.

मांडवाखाली वाकून आत गेलं की पहिली जाणीव होते ती गारव्याची. डोक्यावर पानांचं छत आणि खाली एका उंचीवर ओळीने लटकलेले घड. मण्यावर पांढुरकी, पिठासारखी लव असते. ती औषधाची पूड असेल असं वाटून पुसायला जाऊ नका. ती मण्याची स्वतःची मेणाची लव आहे, तिच्यामुळे पाणी आत धरून राहतं आणि माल टवटवीत दिसतो. बोट लागलं की ती जाते आणि घडाचा भाव उतरतो. काढणाऱ्या बायका घड देठाला धरून कापतात, मण्याला हात लावत नाहीत, ते बघण्यासारखं आहे. मग विरळणी केलेला घड आणि न केलेला घड शेजारी धरून दाखवायला सांगा. मणी लहान असताना निम्मेअधिक काढून टाकले, म्हणून उरलेल्यांना फुगायला जागा मिळाली, हे डोळ्यांनी पाहिल्यावर चार महिन्यांच्या मजुरीचा अंदाज येतो.

घड खाऊन बघायचा असेल तर मालकाने हातात दिल्यावरच. आणि कुठला मणी खायचा, तेही तो सांगेल: “पाव्हणं, शेंड्याचा मणी खावा. त्यो गोड लागला तर समदा घड गोड.” हे शंभर टक्के खरं आहे. घड वरून खाली पिकत येतो, सर्वांत खालचा मणी शेवटी गोड होतो. कोल्हापुरात गाड्यावर द्राक्षं घेतानाही हीच युक्ती वापरा.

ब्रिक्स मीटर जरूर मागा. हातभर लांबीसुद्धा नसलेली दुर्बिणीसारखी नळी असते. काचेवर रसाचा एक थेंब टाकायचा, झाकण मिटायचं, उजेडाकडे तोंड करून बघायचं. निळ्या-पांढऱ्याची सीमा ज्या आकड्यावर येईल तेवढी गोडी. खायच्या द्राक्षाला सोळा-अठरा पुरते, बेदाण्याला बावीसच्या पुढे लागते. म्हणून बेदाण्याचा माल वेलीवर आणखी थांबवतात आणि तेवढे दिवस अवकाळीचा धोका अंगावर घेतात.

वाणांची नावं कानावर पडतील: थॉमसन, सोनाका, माणिक चमन, अनुष्का, काळ्यांत शरद सीडलेस आणि जंबो. आणि ‘तास-ए-गणेश’ हे वाण तर याच मातीतलं. थॉमसनमधून निवड करून तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे या शेतकऱ्याने ते पुढे आणलं आणि ते महाराष्ट्रभर गेलं. नावात तासगाव आहे आणि तासगावचा गणपतीही आहे.

ऊन चढल्यावर: बेदाण्याची शेड

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या, दोन तास तरी. बाग सुंदर असते, पण या भागाचं खरं कसब शेडवर दिसतं. तासगाव-सावळज भागात शेड आहेतच. वेळ असेल तर कवठेमहांकाळकडून पंढरपूर रस्त्याने नागजपर्यंत जा. तिथली हवा आणखी कोरडी, वारा मोकळा, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेडच्या रांगा लागतात.

आपल्याकडे गुऱ्हाळावर जशी रस, काहील, साचा अशी ओळीने कामं चालतात, तशीच इथेही एक ओळ आहे. क्रेटमधून आलेली द्राक्षं आधी स्वच्छ पाण्यातून काढतात. मग ती पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल मिसळलेल्या पाण्यात बुडवतात; प्रमाण साधारण लिटरला पंचवीस ग्रॅम आणि पंधरा मिलीलिटर. सकाळी पाहिलेली मेणाची लव इथे विरते, आतलं पाणी बाहेर पडायला वाट मिळते. ही बुडवण केली नाही तर वाळायला कितीतरी जास्त दिवस लागतात आणि रंग काळपट येतो.

बुडवलेला माल रॅकवर पसरतात. लोखंडी सांगाड्यावर एकावर एक जाळ्या ताणलेल्या, वर पत्रा किंवा प्लास्टिकचा कागद, बाजूला हिरवी शेडनेट. वारा आरपार जातो पण ऊन थेट पडत नाही. सलग तीन वयांचे रॅक दाखवायला सांगा. पहिल्या दिवसाचा मणी अजून द्राक्षच असतो, तेलकट चमकणारा. चार-पाच दिवसांचा मणी मऊ पडतो, देठाकडून सुरकुत्या धरायला लागतो आणि चाखला तर जॅमसारखा लागतो. बारा ते पंधरा दिवसांचा मणी मुठीत घेऊन दाबला आणि मूठ उघडली, की दाणे सुटे होतात. झाला बेदाणा. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो. पुढे मळणी करून देठ-काड्या काढतात, चाळतात, आकार आणि रंगाप्रमाणे प्रत लावतात आणि कोल्ड स्टोरेजला धाडतात.

हिरवा-पिवळा रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी देतात. दमा किंवा श्वासाचा त्रास असेल तर धुरी चालू असलेल्या बाजूला जाऊ नका, लहान मुलांनाही लांब ठेवा.

दुपारचं जेवण शिवारातच मिळालं तर नाही म्हणू नका. हा शाळूचा मुलूख आहे. शाळूची भाकरी, पिठलं, खर्डा, शेंगदाण्याची चटणी. आधी न कळवता जेवणाची अपेक्षा ठेवू नये हे मात्र खरं; तसं असेल तर तासगावात येऊन जेवा.

तासगाव गाव आणि सौदा

बेदाण्याचे सौदे तासगाव आणि सांगली या दोन्ही बाजार समित्यांत होतात, पण ठरलेल्या वारीच. आदल्या दिवशी चौकशी करून पहिल्या दिवसाचा क्रम त्याप्रमाणे बदला. सौद्यात बाजूला उभं राहायचं, नमुन्याच्या मालाला हात लावायचा नाही, व्यवहार चालू असताना मोबाइल पुढे करायचा नाही. व्यापारी ओंजळीत दाणे घेऊन उजेडात फिरवतो, एक दातांखाली धरतो आणि भाव पुकारतो. शेतकरी त्याच्या तोंडाकडे बघत असतो.

गणपतीचं देऊळ संध्याकाळी बघा, उन्हं कलल्यावर. परशुरामभाऊ पटवर्धनांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते उभारलं. महाराष्ट्रात क्वचित दिसणारं सात मजली दाक्षिणात्य धाटणीचं गोपुर हे त्याचं वैशिष्ट्य. भाऊंच्या कर्नाटकातल्या मोहिमांची ही खूण. आत उजव्या सोंडेचा गणपती. आपल्या दृष्टीने आणखी एक धागा आहे. हेच परशुरामभाऊ १७९९ साली निपाणीजवळ पट्टणकुडीला कोल्हापूरकरांच्या फौजेशी लढताना पडले. शत्रूच्या गावातलं देऊळ म्हणून नव्हे, आपल्याच इतिहासाचा दुसरा काठ म्हणून गोपुराखाली जरा थांबा. भाद्रपदात ऋषिपंचमीला इथला रथ भाविक दोरांनी ओढतात. त्यासाठी वेगळी फेरी काढावी लागेल.

दुसरा दिवस: कृष्णाकाठ ते सागरेश्वर

सांगलीहून सकाळी भिलवडी. चितळ्यांच्या डेअरीचं हे मूळ गाव. कृष्णेच्या एका काठाला औदुंबरचं दत्तस्थान, समोर भुवनेश्वरी. औदुंबरचा घाट सकाळी शांत असतो, पौर्णिमा आणि गुरुवार सोडून.

तिथून पलूस आणि पुढे किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर ही वसाहत वसवली. कारखाना सहज म्हणून बघता येत नाही, त्यामुळे वसाहतीच्या रस्त्याने एक फेरी मारून कुंडलला निघा. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं हे केंद्र. जी. डी. बापू लाड इथलेच, आणि ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ सरकारी पगाराची रेल्वे लुटणारे तरुण याच पंचक्रोशीतले. मुलं बरोबर असतील तर इथे गाडी थांबवून त्यांना ही गोष्ट सांगाच.

शेवटी देवराष्ट्रे आणि सागरेश्वर. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं आजोळ आणि जन्मगाव, १२ मार्च १९१३. त्यांचं जन्मघर जपलेलं आहे. सागरेश्वर अभयारण्य माणसाने लावून वाढवलेलं. धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने उघड्या डोंगरावर झाडं उभी राहिली आणि १९८५ साली अभयारण्य जाहीर झालं. जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचं. सांबर, चितळ, काळवीट दिसण्याची शक्यता चार वाजल्यानंतर जास्त. पायथ्याचा जुना देवळांचा समूह चुकवू नका. परतताना सांगलीची गर्दी टाळून ताकारी, इस्लामपूर, पेठ नाका करत हायवेला लागा.

वाइनचं काय

हा प्रश्न हमखास येतो. २००१ साली राज्याने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, तेव्हा वाइन पार्कसाठी दोन जागा निवडल्या: नाशिककडे विंचूर आणि इकडे पलूस. नाशिकमध्ये पुढे टेस्टिंग रूम, जेवण, मुक्काम असं सगळं उभं राहिलं. पलूसला तशी सोय गृहीत धरून जाऊ नका. फक्त वाइनसाठी सहल करायची असेल तर सरळ नाशिकला जा. वाइनची द्राक्षं वेगळीच असतात, लहान, जाड सालीची, बियांची: शिराझ, कॅबर्ने सॉव्हिन्यॉ, शनँ ब्लाँ. आपण सकाळी खाल्लेल्या थॉमसनपासून चांगली वाइन होत नाही. कुठेही चव घ्यायची ठरली तर गाडी चालवणाऱ्याने घेऊ नये.

काय घ्यायचं, कसं आणायचं

बेदाणा शेडवरून किंवा तासगावातल्या खात्रीच्या दुकानातून. भाव रोज बदलतो. सौद्याचा त्या दिवसाचा दर विचारून घ्या, मग किरकोळीचा दर जास्त वाटतो की रास्त, ते कळतं. भडक एकसारखा हिरवा रंग बघून भुलू नका. दाणा मांसल हवा, मुठीतून सुटा व्हायला हवा, आंबूस वास नको, देठ राहिलेले नकोत. गंधक नको असेल तर काळा, नैसर्गिक वाळवलेला माल मागा. घरी आणल्यावर हवाबंद डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर राहिला तर पावसाळ्यात चिकट होतो आणि रंग उतरतो. सांगलीची हळद आणि जयसिंगपूरचं भडंग वाटेतच आहे.

द्राक्षं चार किलोच्या पेटीने मिळतात आणि ती परतीच्या दिवशी सकाळी घ्यावीत, आदल्या दिवशी नव्हे. देठ हिरवा बघून घ्या, तपकिरी पडला असेल तर माल शिळा. डिकीत ठेवू नका, तिथे उकडतात. मागच्या सीटच्या पायाशी, सावलीत, पेटीवर पेटी न चढवता ठेवा. घरी आल्यावर सगळी एकदम धुऊन ठेवायची नाहीत. ओली द्राक्षं दुसऱ्याच दिवशी सडायला लागतात. तशीच कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा आणि खाण्याआधी लागतील तेवढीच मीठ घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून, नळाखाली धुऊन घ्या.

आणि ज्यांच्या बागेत गेलात त्यांना ज्योतिबाच्या चैत्र यात्रेला कोल्हापूरला बोलवा. तोवर त्यांची खरड छाटणी उरकत आलेली असते.